व्हाइट सिमेंटने गळती थांबत नाही

‘‘खालच्या घराच्या छताला ओल आलीय? टाइल्सच्या फटी उघडल्या असतील. व्हाइट सिमेंट भरून घ्या, काम झालं.’’ हा सल्ला प्लंबर देतो, गवंडी देतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेजारचे काका देतात. छोटं बाथरूम नव्याने करायला निघालेली शिकलेली माणसंही याच समजुतीवर चालतात. टाइल्सची दहा दुकानं पालथी घालतात आणि वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला की म्हणतात, ‘‘टाइल्स चांगल्या घेतल्यात, मग वेगळा खर्च कशाला?’’ हे ऐकून ऐकून आता खरंच संताप येतो, कारण या एका समजुतीपायी चांगली शेजारनाती तुटतात.

टाइल पाणी अडवते, यात वाद नाही. आयएसओ १३००६ या मानकानुसार व्हिट्रिफाइड टाइल आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. प्रश्न दोन टाइल्सच्या मधल्या फटीचा आहे. तिथे भरलेलं व्हाइट सिमेंट हे शेवटी सिमेंटच. सुकलं की त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात, आकसलं की केसासारख्या भेगा पडतात. वर आपण डाग काढायला ॲसिड ओततो. ॲसिड डागाबरोबर सिमेंटही खातं. एपॉक्सी ग्राउट यापेक्षा कितीतरी चांगलं, ते पाणी जवळजवळ शोषतच नाही. पण भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात, किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेला, दोन भाग थोडे हलतात आणि तिथे तेही सुटतं. तेवढ्या फटीतून रोज अंघोळीचं पाणी खाली उतरत राहतं.

मग व्हाइट सिमेंट भरल्यावर गळती थांबल्यासारखी का वाटते? फ्लॅटमधल्या बाथरूमचा स्लॅब बहुतेक ठिकाणी बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा भराव करतात, त्यावर टाइल्स बसतात. फटीतून गेलेलं पाणी आधी हा भराव स्पंजासारखं पिऊन घेतो. तो भरला की मग खालच्या छतावर पिवळट डाग, पांढरे क्षार आणि पोपडे दिसू लागतात. वरच्या फटी बुजवल्या की काही काळ पाणी कमी मुरतं, डाग सुकतो, गवंडी पैसे घेऊन जातो. नवी भेग पडली की काही महिन्यांनी डाग परत येतो. तोवर ‘‘मागच्या वेळी सिमेंटने थांबलं होतं’’ ही खात्री पक्की झालेली असते.

पाणी अडवणारा थर टाइलच्या खाली असतो. सिमेंटमध्ये मिसळायचं वॉटरप्रूफिंगचं औषधही (त्यासाठी आयएस २६४५ हे मानक आहे) उपयोगी आहे, पण ते मालाची सच्छिद्रता कमी करतं, भेग पडली तर ती सांधत नाही. म्हणून पॉलिमर कोटिंग हवंच. जुन्या टाइल्स आणि भराव काढून स्लॅब साफ करायचा. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात मालाचा गोलसर वाटा मारायचा, कारण काटकोनात कोटिंग आधी फाटतं. मग एक हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. पाइप जिथून बाहेर येतात तिथे आणि कोपऱ्यांत जाळी. शॉवरच्या भिंतींवर सहा-सात फुटांपर्यंत, बाकी भिंतींवर किमान फूटभर. भराव झाल्यावर, टाइल्सच्या आधी, वरूनही पुन्हा कोटिंग.

आणि मग कसोटी. ट्रॅपला बूच घट्ट लावून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची पेन्सिलने रेघ मारायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. पाणी रेघेखाली लक्षणीय उतरलं किंवा खालच्या छताला ओल आली, तर थर फुटका आहे. हे तपासायला एक पैसा लागत नाही. तरीही ‘‘दोन दिवस काम बंद राहील’’ म्हणून ते टाळतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

एक मात्र लक्षात घ्या, प्रत्येक ओल टाइल्समधून येत नाही. चार दिवस ते बाथरूम वापरू नका, नळाची लाइन मात्र चालू ठेवा. तरीही डाग वाढतच राहिला तर बहुधा पाण्याचा पाइप गळतोय; तो तपासण्याआधी टाइल्स उखडणं व्यर्थ आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जुन्या टाइल्सवर नव्या बसवल्या की गळती झाकली जाते, थांबत नाही; शिवाय जमिनीची पातळी वर येते आणि पाणी दारातून बाहेर पडतं. छोट्या बाथरूममध्ये मोठ्या टाइल्सने जागा मोठी दिसते, पण जमिनीवर त्या ट्रॅपकडे उतार देऊ देत नाहीत. खाली छोट्याच घ्या. मोठा रेन शॉवर लावला म्हणून पाण्याला जोर येत नाही: दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर पंपाशिवाय तो ठिबकणारच. ट्रॅपमधून वास येतो म्हणून फिनेल ओतत बसू नका. त्यातलं पाणी सुकलंय का बघा, दुर्गंध अडवायला तिथे ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. आणि ‘‘जागाच कमी आहे’’ ही सबब नको: नॅशनल बिल्डिंग कोडने बाथरूमला किमान १.८ चौरस मीटर सांगितलंय, तेवढ्यात काच किंवा पडदा लावून नीट शॉवर बसतो.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-बाथरूमची ज्याची त्याने. म्हणजे खालच्या घराचं छत तुमच्यामुळे भिजलं तर तो खर्च तुमचा. तेव्हा ठेकेदाराशी बोलताना टाइल्सच्या रंगाआधी पाणी भरण्याची चाचणी कागदावर लिहून घ्या, आणि ती पार पडेपर्यंत टाइल्सचं काम सुरू करू देऊ नका.