चवदार तळ्याचा प्रश्न चर्चच्या दारात

25 डिसेंबर ही नाताळची तारीख, आणि महाडकरांसाठी मनुस्मृती दहनाचीही. 1927 च्या त्या संध्याकाळी महाडच्या परिषदेत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि ग्रंथाला अग्नी दिला गेला. त्या आधी 20 मार्चला अस्पृश्यांना बंदी असलेल्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी प्यायले होते. 2027 मध्ये या दोन्ही घटनांची शताब्दी आहे, आणि त्या निमित्ताने ख्रिस्ती समाजानेही महाडकडे पाहायला हवे. तसे पाहण्याची वेळ आली आहे हे अलीकडच्या बातम्याही सांगतात. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या व्यक्तीला ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण मागता येणार नाही, असा निकाल आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला. त्यामागे अनुसूचित जाती कोणाला मानायचे हे धर्मावरून ठरवणारा 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. त्या आदेशाच्या कक्षेत 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. चर्चने या अन्यायाविरुद्ध दाद मागितली, ते योग्यच. पण अन्याय फक्त सरकारचाच आहे का?

पारंपरिक ख्रिस्ती नीती आणि आधुनिक संस्कृती यांच्यातला झगडा हा विषय निघाला की चर्चा घटस्फोट, लग्नाशिवाय एकत्र राहणे, समलिंगी जोडपी यांच्याभोवतीच फिरते. व्हॅटिकनने डिसेंबर 2023 मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मर्यादित मुभा दिली, तेव्हा जगभर वादळ उठले. हे प्रश्न गौण नाहीत. पण महाराष्ट्रात आधुनिकतेने धर्माला पहिला मोठा प्रश्न शयनगृहाविषयी विचारला नाही. पाणी कोणी प्यायचे, असा तो प्रश्न होता. त्याला चर्चने दिलेले उत्तर अजून अर्धवट आहे.

हे सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. सोलापुरात 1938 च्या सुरुवातीला ख्रिस्ती समाजापुढे केलेले त्यांचे भाषण नंतर ‘जनता’ या त्यांच्या पत्रात छापून आले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला भारून टाकले आहे, असे त्यांनी त्यात सांगितले. आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला भारतीय ख्रिस्ती उतरले नाहीत, हेही त्याच आपुलकीने सुनावले. धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी पुढे इंग्रजीत जे लिहिले त्यातला मुद्दा याहून खोल जातो. कालपर्यंत अस्पृश्य असलेल्या माणसाला चर्च शिकवते की तुझ्या अधोगतीचे मूळ पापात आहे. मग ज्या समाजरचनेने त्याला चिरडले तिच्याविरुद्ध तो उठणार कसा? पाप स्वतःचे मानले की परिस्थितीशी लढण्याची ऊर्मी विझते, तारण तेवढे उरते. ख्रिस्ती नीतिशास्त्रावर मराठी मातीत इतकी नेमकी टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही, असे माझे मत आहे. खेदाची गोष्ट ही की आपल्याकडच्या धर्मशिक्षणात तिचा उल्लेखही क्वचितच होतो.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या नाहीत का? काढल्या, आणि त्याचा धागा थेट महाडपर्यंत येतो. महाबळेश्वरहून उतरून पोलादपूर आणि महाडवरून वाहणारी सावित्री नदी बाणकोटला समुद्राला मिळते. त्याच बाणकोटला 1823 मध्ये स्कॉटिश मिशनचे काम सुरू झाले, आणि 1829 मध्ये जॉन विल्सन बाणकोट-हर्णैला मराठी शिकले. पुढे मिशनने केंद्र मुंबई-पुण्याला हलवले. पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत जोतीराव फुले शिकले. फुल्यांच्या विचारांनी महाडजवळच्या रावढळचे दलित सुधारक गोपाळबाबा वलंगकर पेटले. 1895 मध्ये त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासद अस्वस्थ झाले. म्हणजे सत्याग्रहाआधीच या खोऱ्यात जमीन नांगरली गेली होती, आणि त्यात मिशनच्या शाळेचा वाटा होता. तरीही शाळेत सर्वांना एका बाकावर बसवणे वेगळे, आणि चर्चच्या आत, लग्नाच्या बोलणीत, दफनभूमीत जात मोडणे वेगळे. गोव्यात चर्चच्या कोंफ्रारिया, म्हणजे भाविकांच्या संघटना, जातवार विभागलेल्या राहिल्या. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीतली जातीची भिंत देशभर गाजली. डिसेंबर 2016 मध्ये कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना अस्पृश्यता चर्चच्या आतही पाळली जाते हे मान्य केले. ही कबुली धाडसाची होती. महाडनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आली, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप परंपरावाद्यांचा आहे आणि तो मी अधिक गंभीर मानते. काळाच्या मागे धावत चर्च प्रत्येक नव्या विचारापुढे मान तुकवू लागले, तर श्रद्धेत उरेल काय? भीती खरी आहे. पण चर्चने संस्कृतीपुढे मान तुकवली ती आज नव्हे, चारशे वर्षांपूर्वी. जेझुइट मिशनरी रॉबर्तो दी नोबिली 1606 मध्ये मदुराईला आले आणि उच्चवर्णीयांना सामावून घेण्यासाठी जातीचे आचार पाळू लागले. 1623 मध्ये पोपनी धर्मांतरितांना जानवे ठेवण्याची परवानगी दिली. जात हा ख्रिस्ती परंपरेचा भाग कधीच नव्हता. ती त्या काळच्या समाजाशी केलेली तडजोड होती. मग जात काढून टाकणे ही आधुनिकतेपुढची शरणागती कशी? तो परंपरेचाच हक्क आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीपाशी बसून शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी त्या लोकांना विटाळ मानत. विटाळाची रेघ पाण्याच्या काठी पुसली जाण्याचा प्रसंग ज्या धर्मग्रंथात आहे, त्याच्या अनुयायांना चवदार तळे परके वाटावे, यातच चूक कुठे झाली ते कळते.

त्या काळच्या समाजाची सोय ख्रिस्ती नीती म्हणून चालवण्याचा प्रकार कौटुंबिक बाबतीतही घडला. 1869 च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पुरुषाला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरेसे ठरवले; पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये हा भेद फेटाळला, संसदेने 2001 मध्ये कायदा बदलला. विवाहाचे पावित्र्य त्याने कमी झाले नाही. व्हिक्टोरियन पुरुषाची सोय तेवढी गेली.

बाबासाहेबांच्या मूळ टीकेला धर्मशास्त्रातून उत्तर देता येते, असेही मला वाटते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 च्या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले: पाप माणसाच्या मनात असते तसेच व्यवस्थेतही साठते. हे मानले तर पश्चात्तापही व्यवस्थेचा व्हायला हवा. 2022 मध्ये अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले, ती आनंदाची गोष्ट. पण एका नेमणुकीने दफनभूमीतली भिंत पडत नाही.

शताब्दीच्या वर्षात महाराष्ट्र आणि गोव्यातल्या धर्मप्रांतांनी तीन कामे करावीत: आपल्या धर्मग्रामांतले जातीचे व्यवहार तपासून अहवाल जाहीर करावा, जातवार संघटना बरखास्त कराव्यात, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात आंबेडकरांची टीका वाचायला द्यावी. सरकारकडे दलित ख्रिस्तींसाठी मागितला जाणारा न्याय आधी घरात द्यावा.