जागेचा कागद आणि नळाचे पाणी
शहर आणि निवारा : भाग सहावा

डिसेंबर 2005 मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले, तेव्हा देशातली 63 शहरे त्यासाठी निवडली गेली. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि पाचवे नांदेड. दहा लाखांची वस्ती नसतानाही नांदेडला जागा मिळाली ती सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारामुळे. 2008 मध्ये तिथे गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होणार होता, जगभरातून भाविक येणार होते. त्यानिमित्ताने झालेले रस्ते आणि घाट लोकांच्या डोळ्यांत भरले. याच अभियानाच्या दुसऱ्या अंगाची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली. ते अंग म्हणजे शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवा, कागदोपत्री 'बीएसयूपी'.

या योजनेने गरीब कुटुंबाला द्यायच्या सात गोष्टी ठरवल्या होत्या. जागेवरच्या हक्काची खात्री, परवडणारे घर, पाणी, स्वच्छता, शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा. घर हे सातांपैकी एक. प्रत्यक्षात महापालिकांच्या बैठकांत मोजदाद झाली ती मुख्यतः घरांची, कारण मंजूर किती, पूर्ण किती हे तक्त्यात मांडता येते. जागेचा हक्क तक्त्यात सहज मावत नाही, आणि खरा पेच तर तिथेच असतो.

पैशांच्या बाबतीत नांदेडची बाजू तशी भक्कम होती. दहा लाखांखालच्या शहरांना केंद्राकडून खर्चाचा 80 टक्के वाटा मिळायचा. लाभार्थ्याने साधारण 12 टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास घटकांतल्या कुटुंबांनी 10 टक्के भरायचे. नांदेड-वाघाळा महापालिकेने बऱ्याच वस्त्यांमध्ये जागेवरच पक्के घर बांधून देण्याचा मार्ग धरला. हा निर्णय योग्यच होता. धुणीभांडी करणाऱ्या बाईची कामाची घरे, हमालाचा मोंढा, मुलांची शाळा आणि उधारी देणारा किराणा दुकानदार, सगळे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असते. शहराबाहेर चार मजली इमारतीत फुकट घर दिले तरी रोजचे रिक्षाभाडे त्या घराची किंमत वसूल करत राहते.

पण जागेवरच्या बांधकामालाही मर्यादा आहेत. झोपडी पाडून स्लॅब पडेपर्यंत कुटुंबाने राहायचे कुठे? भाड्याची खोली घ्यावी तर मजुरीचा मोठा हिस्सा तिथेच जातो. ठेकेदाराचे काम रखडले की हे भाडे वाढत जाते, आणि याचा हिशेब योजनेच्या खर्चात धरलेला नसतो.

दुसरी मर्यादा गोदावरीने घातलेली आहे. ऑगस्ट 2006 च्या महापुरात नांदेडच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की आजही नदीकाठची माणसे सामान बांधायला लागतात. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा पुराचे पाणी जिथवर येते त्या पट्ट्यात, पक्क्या घराला परवानगी मिळत नाही. नियम जीव वाचवण्यासाठी आहे, त्यात खोट नाही. मात्र ज्यांना घराची निकड सर्वांत जास्त तेच घरकुलाच्या यादीतून बाहेर राहतात. अशा कुटुंबांसाठी शहराच्या आत, नदीपासून दूर पण कामाच्या जवळ जागा राखून ठेवणे हे महापालिकेचे काम आहे, आणि ते विकास आराखडा तयार होत असतानाच करावे लागते. नंतर जागा उरत नाही.

जून 2015 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली आणि मदतीची रीत बदलली. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, तेही हप्त्याहप्त्याने. काम कुठवर आले याचे फोटो जिओ टॅगिंगने नोंदवायचे, मग पुढचा हप्ता. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहेच. यातला 'स्वतःची जागा' हा शब्द मराठवाड्यातल्या शहरांत फार जड आहे. गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट शंभर रुपयांच्या बॉण्डवर हात बदलत आलेले असतात. घेणाऱ्याने आयुष्यभराची बचत घातलेली असते, पण मालमत्ता पत्रकावर त्याचे नाव नसते. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा आहे, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटसाठी वाढवली गेली. मोजणी, शुल्क, महापालिकेत आणि भूमी अभिलेख कार्यालयात हेलपाटे, या सगळ्यात रोजंदारी बुडते. अडीच लाखांच्या मदतीपेक्षा हा कागद करून देणारा एक माणूस वस्तीत बसवला तर अधिक घरे उभी राहतील, असे म्हणण्याला आधार आहे.

लातूरची गोष्ट वेगळ्या बाजूने याच प्रश्नापर्यंत येते. तिथे 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचा आदेश निघाला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्यांच्याकडे बोअर किंवा टँकरचे पैसे होते त्यांनी कसेबसे भागवले. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे साठवायला टाकीही नव्हती. 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणासाठी दुरून आलेली मुले अशाच खोल्यांत राहतात. मात्र अडीच लाखांचे अनुदान जमीन असणाऱ्याला मिळते, भाडेकरू त्याच्या कक्षेत येत नाही.

याच जिल्ह्याने सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसन जवळून पाहिले आहे. 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे क्षेत्रफळ जमिनीवरून ठरले: भूमिहीन आणि अडीच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरांहून अधिक असणाऱ्याला 750. म्हणजे गावातली जुनी उतरंड सरकारी नकाशात पुन्हा आखली गेली. रुंद रस्त्यांच्या, लांबलांब पसरलेल्या त्या गावांत राहताना लोकांना, विशेषतः बायकांना, शेजाराची उणीव जाणवली. जी गावे हलवली नाहीत तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे काम झाले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. कुणाला किती पैसे आले, कुठला हप्ता अडकला, भिंतीत बांधणीचा दगड आला का, याची चौकशी त्या करू लागल्या. शहरातल्या घरकुलांसाठी अशी व्यवस्था अजून रुजलेली नाही, जरी बचत गटांचे जाळे तयार आहे.

महापालिकेच्या अंदाजपत्रकात दुर्बल घटकांसाठी पाच टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के राखून ठेवायचे असतात. त्यातून जागेच्या कागदांसाठी मदत कक्ष चालवता येईल का आणि त्याला नियमांची कुठली अडचण येते, हे पुढच्या भागात.