वाटेवरच्या खुणा

रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्या एकत्र येतात. या संगमावरील राजिम हे छत्तीसगढमधील प्रसिद्ध तीर्थस्थान होय. संगमाच्या पात्रातच कुलेश्वर महादेवाचे मंदिर आहे. आणि पटेवा, चंपारण, बम्हनी, फिंगेश्वर व कोपरा या आसपासच्या पाच गावांतील शिवस्थानांची परिक्रमा भाविक पायी करीत आले आहेत. तिला पंचकोशी यात्रा म्हणतात. अशा वाटेला पाटीची फारशी गरज पडत नाही. पुढे चालणारी माणसे हीच खूण असते, आणि गर्दी पांगलीच तर पुढल्या गावाचे नाव कोणालाही विचारता येते.

छत्तीसगढच्या सीमेलगत अमरकंटक येथे उगम पावणाऱ्या नर्मदेच्या परिक्रमेत तर एकच नियम असंख्य पाट्यांचे काम करतो : नदी उजव्या हाताला ठेवावयाची आणि तिचा प्रवाह ओलांडावयाचा नाही. वाट मधूनमधून काठ सोडून दूर जाते, हे खरे. तथापि चुकलेल्या यात्रिकाला आपण चुकलो आहोत हे कळण्याचे साधन त्या एका नियमातच असते. उत्तम मार्गचिन्हाची कसोटी नेमकी हीच आहे. बरोबर वाट दाखविणे हे त्याचे अर्धे काम झाले. वाट सुटल्यास ती सुटल्याचे लवकर कळावे, हे उरलेले अर्धे. हौशी मंडळींनी काढलेल्या खुणांत बहुधा पहिल्या कामाचाच विचार झालेला दिसतो.

सह्याद्रीत या दुसऱ्या कामाचे महत्त्व जिवावर बेतल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही. तेथील डोंगरउतारांवर माणसांच्या पाऊलवाटांत ढोरवाटा मिसळलेल्या असतात. गुरांच्या खुरांनी मळलेली वाट माणसाच्या वाटेइतकीच ठसठशीत दिसते, काही वेळा अधिकच. पण ती गवताशी किंवा पाण्याशी संपते आणि पुढे कडा असतो. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट नेहमीच्या वापरातली आहे. सुमारे १४२० मीटर उंचीच्या या गडाच्या विस्तीर्ण माथ्यावर पावसाळ्यात धुके उतरले, की दहा पावलांपलीकडचे दिसेनासे होते. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याहून आलेला एक लहान गट तेथे पावसात व धुक्यात वाट चुकला आणि त्यांतील एकाचा गारठ्याने मृत्यू झाला.

अशा वेळी माणूस एकाच जागी घुटमळतो. त्यालाच आपल्याकडे चकवा लागणे म्हणतात. या समजुतीमागील अनुभव मात्र खोटा नाही. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही माणसांना जंगलात व वाळवंटात सरळ चालत राहण्यास सांगितले होते. सूर्य किंवा चंद्र दिसत असताना ती बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ झाकोळलेले असताना मात्र आपण सरळच जात आहोत अशा खात्रीने ती वर्तुळाकार फिरून आपल्याच वाटेवर परत आली. बाहेरच्या आधाराशिवाय मनुष्याचा दिशाबोध टिकत नाही, असा याचा अर्थ. दोन फाट्यांमधल्या निव्वळ सरळ वाटेवरही खुणा का लागतात, याचे उत्तर येथे मिळते. त्या खुणा चालणाऱ्याला धीर देतात. म्हणूनच फाटा मागे पडल्यावर थोड्याच पावलांवर एक खूण हवी. संशय तेथेच सर्वांत अधिक असतो.

मार्गचिन्हांची शिस्तबद्ध पद्धत प्रथम उभी राहिली ती युरोपात, रेल्वेने शहरातील माणसे डोंगरांत येऊ लागल्यावर. प्राग येथे १८८८ मध्ये चेक पर्यटक मंडळ स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १८८९ च्या मे महिन्यात, त्याने आपली पहिली खुणांकित वाट तयार केली. आज त्या देशात अशा पायवाटांचे जाळे ४०,००० किलोमीटरांहून अधिक आहे. तेथील खूण अगदी साधी आहे : सुमारे दहा सेंटिमीटरांच्या चौकोनात तीन आडवे पट्टे, वरचा व खालचा पांढरा, मधला तांबडा, निळा, हिरवा किंवा पिवळा. चित्र नाही, अक्षर नाही. अमेरिकेतील सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या ॲपलाचियन वाटेवर याहूनही साधी खूण आहे : दोन इंच रुंद व सहा इंच उंच असा एक पांढरा उभा पट्टा. एकावर एक असे दोन पट्टे दिसले, की पुढे वळण आहे, सावध असावे. बाजूला फुटणाऱ्या वाटांना निळा रंग. एवढ्या तुटपुंज्या शब्दसंग्रहावर हजारो माणसे महिनोन्‌महिने चालतात.

चेक खुणेतील पांढरे पट्टे शोभेसाठी नाहीत. तांबडा रंग दिवसा डोळ्यांत भरतो, पण संधिप्रकाशात तोच सर्वांत आधी काळवंडतो. हिरवे व निळे त्या मानाने उजळ राहतात. गमतीचा भाग असा, की हे निरीक्षण प्रथम नोंदविणारा शास्त्रज्ञ पुर्किन्ये हाही चेकच होता. शिवाय काही पुरुषांना तांबडा व हिरवा यांतील भेद जन्मतःच नीट कळत नाही, आणि रानात भोवती सगळे हिरवेच असते. पांढऱ्या पट्ट्यांमुळे रंग ओळखता न आला तरी खूण दिसते. खूण आधी दिसली पाहिजे, मग कळली पाहिजे. हा क्रम उलटून चालत नाही.

अर्थात पांढरा रंग सर्वत्र दिसतोच असे नाही. रायपूरपासून फार दूर नसलेल्या बारनवापारा अभयारण्याचे उदाहरण घ्यावे. बार आणि नवापारा या दोन गावांवरून नाव मिळालेले हे सुमारे २४५ चौरस किलोमीटरांचे अरण्य १९७६ मध्ये अभयारण्य झाले. साग, ऐन, धावडा, बांबू असे हे पानगळीचे रान. ऐनाची साल, जिला तिकडे साजाची साल म्हणतात, मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची असते. तीवर रंगविलेल्या पट्ट्याच्या कडा फाटतात. अशा रानात कांडोळासारखे पांढुरक्या, गुळगुळीत खोडाचे झाडही भेटते. त्याच्यावरचा पांढरा पट्टा दहा पावलांवरून नाहीसा होतो. मुरमाड तांबड्या जमिनीवर दगडाला तांबडा बाण काढण्यात तर काहीच अर्थ नाही. उन्हाळ्यात पाने झडल्यावर लांबून स्पष्ट दिसणारी खूण आश्विनात वेलींआड जाते. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर पांढरा रंग उठून दिसतो खरा, पण त्याच खडकावर दगडफुलाचे फिकट डाग असतात, आणि भाद्रपदातील गवत जमिनीलगतच्या साऱ्या खुणा गिळून टाकते. दगडावर दगड रचून केलेली लगोरी उघड्या माळावर उपयोगी. मात्र गंमत म्हणून कोणीही आणखी एक रचून ठेवतो आणि मग खरी कोणती ते कळत नाही. सारांश, खुणेची रचना कागदावर फार थोडी ठरते. ती त्या वाटेवर, वेगवेगळ्या ऋतूंत जाऊनच ठरवावी लागते.

फाट्यावर मात्र रंगाचा पट्टा अपुरा पडतो. तेथे पाटी हवी. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ पासून पिवळ्या दिशाफलकांची एकसारखी पद्धत रुजत गेली, आणि १९७९ मध्ये तेथील मतदारांनी पायवाटांची काळजी हा विषय थेट राज्यघटनेतच घातला. तेथील पाटीवर अंतर नसून वेळ लिहिलेली असते. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर ही चाल धरून आणि चढउताराचा हिशेब करून ती काढतात. विश्रांतीचा वेळ तीत धरीत नाहीत. डोंगरात चार किलोमीटर म्हणजे किती, हे कोणालाच नेमके सांगता येत नाही; अंधार पडण्यापूर्वी पोहोचू की नाही, एवढेच चालणाऱ्याला हवे असते. फ्रान्समधील दीर्घ पायवाटांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांखेरीज त्याच रंगांची फुलीही आढळते : ही आपली वाट नव्हे. ढोरवाटेच्या तोंडाशी अशी एक फुली दहा बाणांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

चित्रचिन्हांचा प्रश्न येतो तो यानंतर. पाणी, निवारा, कडा, वन्य प्राणी, आग पेटविण्यास मनाई, हे शब्दांनी सांगावयाचे तर शब्द कोणत्या भाषेत लिहावेत? रायपूरच्या परिसरात हिंदी व छत्तीसगढी देवनागरीत लिहितात, ओडिशाहून येणाऱ्याची लिपी निराळी, आणि गोंडी बोलणाऱ्या अनेकांनी आपली भाषा कोणत्याच लिपीत वाचलेली नसते. व्हिएन्नातील ऑटो नॉयराथ व चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ यांनी १९२० च्या दशकापासून विकसित केलेली चित्रभाषा अशाच हेतूने जन्माला आली. अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी १९७४ व १९७९ मध्ये तयार झालेली पन्नास चिन्हे पुढे जगभर पसरली. भारताला याचा आणखी मोठा अनुभव आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते; प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. बैलजोडी, झोपडी, दिवा. रोजच्या पाहण्यातली वस्तू, ठळक रेषेत, एकेकटी.

हा धडा रानातल्या पाट्यांनाही लागू पडतो. पिण्याच्या पाण्यासाठी पेला किंवा नळ काढण्याची रूढी शहरी आहे. ज्या गावांत पाणी हातपंपावर भरतात तेथे हातपंपाचे चित्र लहान मुलालाही समजेल. तंबूसाठी काढलेला त्रिकोण आपल्याकडे डोंगर किंवा देवळाचे शिखर वाटण्याचा संभव आहे. बाणदेखील स्वयंसिद्ध नव्हे : उभ्या पाटीवरचा वर जाणारा बाण ‘सरळ पुढे’ असा वाचावयाचा, हे शिकावे लागते, चढाच्या वाटेवर त्याचा अर्थ ‘वर चढा’ असा होऊ शकतो. म्हणून चित्रचिन्ह वापरण्यापूर्वी ते अनोळखी माणसांना दाखवून पाहावे लागते. सुरक्षाचिन्हांच्या अमेरिकन मानकानुसार शंभरांपैकी किमान ८५ जणांना अर्थ बरोबर सांगता आला पाहिजे, आणि नेमका उलटा अर्थ लावणारे पाचांहून अधिक असता कामा नयेत. या दोन अटींत दुसरी महत्त्वाची. न कळलेले चिन्ह माणसाला थांबविते; उलटे कळलेले चिन्ह त्याला कड्याकडे नेते. पडणाऱ्या माणसाचे चित्र पाहून कोणी ‘येथून खाली उतरावे’ असे समजला, तर त्या पाटीपेक्षा कोरा दगड बरा.

किल्ल्यांवर आणखी एक अडचण आहे. कायद्याने संरक्षित स्मारकाच्या भिंतीवर वा खडकावर रंगकाम करणे गुन्हा ठरतो, आणि ते योग्यच होय. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तेथे येणाऱ्यांच्या सोयीचा विचारही होऊ लागला आहे. तेथे वास्तूपासून दूर रोवलेले खांब हाच मार्ग उरतो. लाकडी खांबाला वाळवी लागते, वणव्यात तो जळतो. लोखंडी पत्रा गंजतो किंवा भंगारात जातो. दगडी खांब टिकतो, पण डोंगरावर नेणे कष्टाचे.

आणि कोणतीही खूण कायमची नसते. चेक स्वयंसेवक ठरावीक वर्षांनी प्रत्येक वाट पुन्हा चालून पट्टे नव्याने रंगवितात. पडलेल्या झाडावरची खूण दुसरीकडे न्यावी लागते आणि बदललेल्या वाटेवरची जुनी खूण खरवडून काढावी लागते. कारण ज्या वाटेवर खुणा नियमित आहेत तेथेच खूण न दिसणे हा इशारा ठरतो. एक पट्टा पुसला गेला, की त्यापुढे बरोबर चालणारा माणूसही मागे फिरतो. रंगवून परतताना तीच वाट उलट दिशेने पाहत यावयाची असते. चढताना समोर दिसणारी खूण उतरताना खोडाच्या मागल्या बाजूस राहते, आणि सकाळी एकच वाटलेली पाऊलवाट संध्याकाळी परतणाऱ्याला दोन फाटे दाखविते.