दोष माणसांचा की मांडणीचा?

अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे कित्येक गावांना प्रादेशिक नळयोजनांवर विसंबावे लागते. अशा योजनेत पंप चालविणारा एक, जलवाहिनी दुरुस्त करणारा दुसरा आणि पाणीपट्टी वसूल करणारा तिसरा, अशी वाटणी असेल, तर प्रत्येकाने आपले काम चोख करूनही नळ कोरडा राहू शकतो. मग कोणाच्या तरी आळसाला दोष दिला जातो. संघटना-मानसशास्त्राचा सल्लागार नेमक्या याच ठिकाणी थांबावयास सांगतो. माणसे कशी आहेत हे विचारण्यापूर्वी काम कसे वाटले गेले आहे, हे तो पाहतो.

या शास्त्राचे भारतातील गाजलेले उदाहरण कापसाच्याच धंद्यातील असल्याने वऱ्हाडी वाचकांस ते परके वाटू नये. अहमदाबादच्या कॅलिको कंपनीच्या गिरणीत १९५२ साली स्वयंचलित माग बसविण्यात आले. परंतु अपेक्षित उत्पादन निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे १९५३ मध्ये सल्लागार म्हणून आले. त्यांना दिसले ते असे : २२४ मागांवर २९ कामगार आणि कामे मात्र बारा प्रकारची. विणकराकडचे माग वेगळे, तुटलेले धागे सांधणाऱ्याकडचे वेगळे. कोण कोणाचा सोबती, हेच ठरलेले नव्हते. ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी एकेका लहान गटाकडे द्यावी, असे त्यांनी सुचविले. विशेष म्हणजे गट कोणी वरून पाडून दिले नाहीत. कामगारांनी ते आपसांत जुळविले. पुढे उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच होती, माणसेही बहुतांशी तीच!

या क्षेत्रातील व्यवसाय परदेशी तज्ज्ञांपुरता राहिला नाही. मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेल्या कमला चौधरी यांनी अहमदाबादच्या 'अटिरा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत गिरण्यांतील मानवी संबंधांचा अभ्यास केला. १९६१ साली स्थापन झालेल्या तेथील व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. मानसशास्त्राची पदवी या कामी लागतेच. पण मुकादमापासून संचालकापर्यंत सर्वांचे सारख्याच धीराने ऐकून घेण्याची सवय, आमच्या मते, अधिक दुर्मिळ होय.

नेतृत्वाचा धडा मात्र वऱ्हाडाला बाहेरून आणावयाचा नाही. गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा हाती घेऊन; रस्ते झाडून होत आणि रात्री कीर्तन उभे राही. सांगण्याआधी करणे, हा त्यांचा क्रम होता.

सल्लागार निघून गेल्यावर काय उरते, हा प्रश्न राहतोच. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० साली अहमदाबादच्या त्या मागशाळांची पुन्हा पाहणी केली. एका ठिकाणी गटपद्धती जवळजवळ जशीच्या तशी चालू होती. इतरत्र ती हळूहळू विरून जुनी वाटणी परत आली होती.