देवासाठी राखलेला वेळ

१९१७ साली नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या कामाचा राजीनामा दिला, संन्यास घेतला आणि ते साताऱ्यात येऊन राहिले. वय पंचावन्न. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता आणि ख्रिस्ती समाजात तर ते सगळीकडे हवे असत. ‘ज्ञानोदय’ या पत्रासाठी मजकूर हवा, टिळकांना सांगा. उपासनेसाठी नवं गीत हवं, टिळकांना सांगा. उपदेश, कीर्तनं, शिकवणं, घरी सततचा राबता. त्यात १९०९ पासून ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलेलं. अशा ऐन कामाच्या गर्दीत त्यांनी पगार सोडला, पद सोडलं आणि उरलेलं आयुष्य ख्रिस्ताच्या सहवासाला द्यायचं ठरवलं. या प्रयोगाला त्यांनी नाव दिलं ‘देवाचा दरबार’.

ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही या दरबारात यायला मुभा होती, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. परदेशी चौकटीतून श्रद्धा बाहेर काढावी, ती इथल्या भजनात, आश्रमात, गुरुबंधूंच्या संगतीत वाढू द्यावी, अशी टिळकांची तळमळ होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यामुळे संन्यास हा मार्ग त्यांना परका वाटला नाही.

मुळात त्यांची श्रद्धाही सावकाशच पिकलेली. १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. टिळक ते पुस्तक वाचत राहिले, खुणा करत राहिले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी पुन्हा पुन्हा थबकले. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. मधली जवळजवळ दोन वर्षं वाचन, शंका आणि मनाची ओढाताण यांत गेली. आज मोबाइलवर रोज सकाळी एक वचन येतं, ते अंगठ्यानं वर सरकवून पुढच्या गटात ढकललं जातं आणि देवाशी बोलणं झालं असं मानलं जातं. त्या दोन वर्षांकडे म्हणूनच नीट पाहायला हवं.

साताऱ्यातला प्रयोग फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’चे साडेदहा अध्याय त्यांच्या हातून झाले होते, पुढचं काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलं. दरबार मागे पडला, पण त्याची हवा राहिली. टिळकांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि १९२७ मध्ये पुण्यात त्याचा आश्रम उभा केला. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये टिळकांची गीतं आजही रविवारी गायली जातात.

इथं लक्ष्मीबाईंची बाजू सांगायलाच हवी. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे की टिळकांच्या उदार आणि मनस्वी स्वभावाची झळ घराला बसत असे. एकानं पगार सोडला की दुसऱ्याला पिठा-मिठाचा हिशेब करावा लागतो. श्रद्धेसाठी वेळ काढण्याच्या गोष्टी बहुतेक पुरुषांच्या असतात आणि तो वेळ कोणाच्या कष्टांतून निघाला हे त्यांत फारसं येत नाही. रविवारी उपासनेहून आल्यावर घरातले सगळे आडवे होतात आणि एक बाई रश्शाचं वाटण काढायला उभी राहते. तो शब्बाथ अर्ध्याच घरानं पाळलेला असतो.

बायबलमधली शब्बाथाची आज्ञा या बाबतीत कमालीची स्पष्ट आहे. सहा दिवस काम, सातवा दिवस परमेश्वराचा. आणि ही सुटी एकट्या घरधन्याची नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांना तिच्यात धरलं आहे. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात बैल आणि गाढव यांची नावंही घेतली आहेत. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, त्याला धुवायचं, खांदे मळायचे, पुरणपोळी घालायची, ही इथली रीतच आहे. त्या दिवशी कितीही घाईचं काम असलं तरी ते उद्यावर जातं. मुक्या जनावराला वर्षातून एकदा मिळणारी ही हक्काची विश्रांती त्या आज्ञेनं माणसाला आणि जनावराला दर आठवड्याला दिली आहे.

रविवारच्या सुटीचा महाराष्ट्रातला इतिहासही विसरण्यासारखा नाही. साहेब चर्चला जात होता तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार रविवारीही साच्यावर उभा होता. ती सुटी मिळवली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी, सभा घेऊन आणि अर्ज करून. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मागणी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण लोखंड्यांनी पुढे केल्याचं सांगितलं जातं. देवाच्या नावानं एक दिवस मोकळा हवा, ही भूक कोणा एका धर्माची नाही. आजही ऊसतोड सुरू झाली की फडावरच्या जोडप्याला वार कुठला ते कळत नाही. ख्रिस्ती माणूस विश्रांतीबद्दल बोलतो तेव्हा त्यानं या जोडप्याचाही विचार करावा, आज्ञा तसंच सांगते.

शुभवर्तमानात येशूचा दिनक्रम पाहिला तर त्यालाही निवांतपणा आयता मिळालेला दिसत नाही. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमात संध्याकाळी अख्खं गाव दारात जमलेलं आहे, आजाऱ्यांची रीघ लागली आहे. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठतो आणि एकांतात जाऊन प्रार्थना करतो. शिष्य त्याला शोधत येतात, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून सांगतात. त्या गर्दीकडे परत न जाता तो पुढच्या गावांची वाट धरतो. बरी न झालेली माणसं मागे राहिलीच असणार. कामाला ‘आता थांबतो’ म्हणणं केवढं जड असतं, ते इथं दिसतं.

हे जड काम एका कामसू माणसानं मिरजेत रोजच्या रोज करून दाखवलं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं. लोकांच्या तोंडी ते ‘मिशन हॉस्पिटल’. मिरजेला आज आरोग्यपंढरी म्हणतात, तिचा पाया इथं घातला गेला. दूरदूरहून रुग्ण यायचे, शस्त्रक्रियांची रांग संपत नसे. अशा सर्जनला एकेक मिनिट मोलाचं. तरीही चाकू हाती घेण्याआधी रुग्णाशेजारी उभं राहून प्रार्थना करायची, हा त्यांचा शिरस्ता होता. टेबलावर रुग्ण, भोवती मदतनीस आणि परिचारिका, सगळे हात थांबलेले. डॉक्टर देवाशी दोन शब्द बोलणार आणि मग काम सुरू. फार वेळ लागत नसेल, पण तेवढ्यात खोलीतल्या प्रत्येकाला कळत असे की इथं आपणच सर्वेसर्वा नाही. रुग्ण कुठल्याही जातिधर्माचा असो, भूल चढण्याआधी कोणीतरी आपल्यासाठी देवाला हाक मारतं आहे, एवढं त्याच्या कानी पडत असे.

मार्च १९२७ मध्ये खादीच्या दौऱ्यावर असलेले गांधीजी कोल्हापुरात अतिश्रमानं आजारी पडले, रक्तदाब वाढला. त्यांना तपासलं ते मिरजेच्या याच वॉनलेस डॉक्टरांनी. सल्ला साधा होता, दौरा थांबवा आणि विश्रांती घ्या. ठरलेले कार्यक्रम रद्द झाले, गांधीजी आधी आंबोलीला आणि तिथून नंदी हिल्सला गेले. देशाचं काम खांद्यावर असलेल्या माणसालाही थांबायला सांगावं लागतं आणि सांगणारा स्वतः थांबणं जाणणारा असेल तर त्या सांगण्याला वजन येतं.

सातारा जिल्ह्यात पाचगणीला याच विचाराचं एक वेगळं घर आहे. फ्रँक बुकमन या अमेरिकन लुथरन पाळकानं रोज पहाटे काही वेळ शांत बसायचं, देव काय सुचवतो ते ऐकायचं आणि सुचलेलं वहीत टिपायचं, अशी सवय आपल्या सोबत्यांना लावली. १९३८ मध्ये त्यातून ‘मॉरल री-आर्मामेंट’ ही चळवळ उभी राहिली. राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस पाचगणीत तिचं केंद्र उभारलं, ते ‘एशिया प्लॅटो’. चळवळीचं नाव आता ‘इनिशिएटिव्हज ऑफ चेंज’ आहे आणि तिथं सर्व धर्मांची माणसं येतात. कारखान्यातले कामगार, अधिकारी, विद्यार्थी वही-पेन घेऊन शांत बसतात. प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम या चार कसोट्यांवर स्वतःला घासून पाहतात. या शांततेचा शेवट पुष्कळदा कृतीत होतो. कोणाची माफी मागायची, कोणाचे पैसे परत करायचे, हे वहीत उतरतं आणि मग ते करावं लागतं. थांबण्याची खरी परीक्षा इथं आहे. नुसतं बरं वाटणं पुरेसं नाही.

सगळ्यांनाच डोंगरावर जाता येत नाही. ख्रिस्ती घरांत यासाठी जुनी सोय आहे, कौटुंबिक प्रार्थना. जेवणं उरकली की चटई अंथरायची, एकानं बायबलचा उतारा वाचायचा, ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत म्हणायचं, मग एकेकानं आपल्या शब्दांत प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. धाकट्याला वाचता येऊ लागलं की पुस्तक त्याच्या हाती. अडखळत वाचणाऱ्या त्या पोरासाठी सगळं घर थांबतं. दिवसभर एकमेकांवर खेकसलेली माणसं एकमेकांचं नाव घेऊन देवाकडे काही मागतात, तेव्हा न मिटलेलं भांडणही नरम पडतं. मिरजेतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत कोणी ना कोणी परिचारिका किंवा रुग्णालयातला कर्मचारी असतो. एकाची पाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची लागते, सगळे एका चटईवर यायचे कसे, ही अडचण खरी आहे. पण दूरदर्शनच्या मालिकेची वेळ घरात पाळली जाते आणि प्रार्थनेची मात्र ‘जमेल तेव्हा’ असते, हेही तितकंच खरं.

ख्रिस्ती वर्षात थांबण्याच्या जागा आखून दिलेल्या आहेत. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ. नाताळाआधी चार रविवारांचा आगमनकाळ. उत्तम शुक्रवारी अनेक चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि येशूनं क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांवर एकापाठोपाठ एक मनन होतं. उन्हाळ्याची भर दुपार, पंखे गरगरताहेत, लहान पोरं पेंगलेली, तरी माणसं उठत नाहीत. एरवी उपदेश वीस मिनिटांच्या पुढे गेला की घड्याळाकडे पाहणारी हीच माणसं. तीन तास बसण्याची ताकद त्यांच्यात आहेच, वर्षातून एकदा ती वापरली जाते इतकंच.

मग अडतं कुठं? पुष्कळदा चर्चमध्येच. मंडळीचं वेळापत्रक पाहावं. महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल, गायनवृंदाचा सराव, वर्धापनदिन, सत्कार, हंगामाचा सण, कमिटीच्या बैठका, त्या बैठकांतले वाद. पाळक एका बाप्तिस्म्यावरून एका दफनाकडे आणि तिथून ट्रस्टच्या कागदपत्रांकडे धावतो. यातलं कुठलंच काम वाईट नाही. मार्थेनं येशूसाठी रांधलं तेही वाईट नव्हतं. पण देवाचं काम करता करता देवाजवळ बसायचं राहून जातं, आणि जी मंडळी स्वतः धापा टाकते आहे ती दमलेल्या माणसाला विसावा कुठून देणार? टिळकांनी पंचावन्नाव्या वर्षी मिशनच्या कामातून पाऊल मागे घेतलं ते साताऱ्याला येऊन, याची आठवण इथल्या मंडळ्यांनी ठेवावी.

म्हणून सातारा, वाई, सांगली, मिरज इथल्या पाळकांना आणि पास्टरेट कमिट्यांना एक कळकळीची विनंती आहे. येत्या उपवासकाळात नवा कार्यक्रम आखू नका, चालू असलेल्यांतले दोन-तीन बंद ठेवा. आठवड्यातली एक संध्याकाळ चर्चचं दार नुसतं उघडं ठेवा. भाषण नको, लाउडस्पीकर नको, येईल त्यानं बसावं आणि उठावंसं वाटेल तेव्हा उठावं. ज्यांची रविवारी ड्यूटी असते त्यांच्यासाठी मधल्या वारी छोटी उपासना घ्या. आणि पाळकाला आठवड्यातून एक दिवस खरोखर सुटी द्या, त्या दिवशी त्याला फोन करू नका.