मिथुन उल्कावर्षाव

दर वर्षी डिसेंबर महिन्यात मिथुन राशीतील एका बिंदूपासून फाकत येतो असे भासणारा उल्कांचा वर्षाव. महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून सुमारे दोन आठवडे तो आढळतो व १३-१४ डिसेंबरच्या सुमारास त्याची तीव्रता कमाल असते. या उल्का आकाशात कोठेही दिसतात. परंतु त्यांचे मार्ग मागे वाढविल्यास ते पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टर या ताऱ्याजवळ एकत्र येतात. या बिंदूस उद्‌गम बिंदू म्हणतात. वस्तुतः उल्कांचे मार्ग जवळजवळ समांतर असतात. आगगाडीचे रूळ दूरवर एकमेकांस मिळाल्यासारखे दिसतात, तसाच हा दृष्टिभ्रम होय.

महाराष्ट्रातून पाहता या काळात मिथुन रास रात्री आठच्या सुमारास ईशान्येस उगवलेली असते व दोनच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येते. त्यामुळे उत्तररात्र निरीक्षणास अधिक सोयीची असते. दुर्बिणीची गरज नसते. मात्र आकाश निरभ्र व चंद्रप्रकाशरहित असावे. आदर्श परिस्थितीत तासाला १२० हून अधिक उल्का दिसू शकतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किमी. असतो.

हा वर्षाव १८६२ साली प्रथम लक्षात आला. उल्कावर्षाव बहुधा धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीपासून उद्‌भवतात. परंतु याचा जनक धूमकेतू शंभराहून अधिक वर्षे सापडला नव्हता. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त वेधशाळा-उपग्रहाने टिपलेल्या एका लघुग्रहाची कक्षा या उल्कांच्या कक्षेशी जुळते, असे फ्रेड व्हिपल यांनी दाखवून दिले. या लघुग्रहास ग्रीक पुराणकथेतील सूर्यपुत्राच्या नावावरून फेथॉन हे नाव देण्यात आले.

फेथॉनचा व्यास सुमारे ५ ते ६ किमी. असून तो १·४३ वर्षांत सूर्याभोवती एक प्रदक्षिणा करतो. त्याची कक्षा अतिशय लंबवर्तुळाकार आहे. सूर्यापासूनचे त्याचे किमान अंतर सुमारे २·१ कोटी किमी., म्हणजे बुधाच्या किमान अंतराच्या निम्म्याहूनही कमी आहे. तेथे त्याचा पृष्ठभाग ७०० से. हून अधिक तापतो. अशा वेळी त्याला आखूड पुच्छ फुटते. ते धुळीचे नसून प्रामुख्याने सोडियम वायूचे असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून दिसून आले. म्हणजेच एवढ्या विपुल उल्का पुरविण्याइतकी धूळ फेथॉन आज बाहेर टाकीत नाही. काही हजार वर्षांपूर्वी त्याचे अंशतः विघटन होऊन हा प्रवाह निर्माण झाला असावा, असे मानले जाते.

खडकाळ लघुग्रह आणि बर्फमय धूमकेतू हे सूर्यकुलातील दोन सर्वस्वी भिन्न वर्ग होत, ही समजूत फेथॉनमुळे शिथिल झाली. हिवाळ्यातील आकाशात क्षणभर चमकून जाणाऱ्या या कणांचे महत्त्व त्यामुळे केवळ प्रेक्षणीयतेपुरते मर्यादित राहिलेले नाही.