तांबड्या रंगाचें मोल

पक्ष्यांच्या पिसांस रंग कोठून येतो, हा प्रश्न आमच्या विद्यार्थिमित्रांस कधीं ना कधीं पडलाच असेल. त्याचें उत्तर देतां देतां एका चिमुकल्या पक्ष्याची हकीकत सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे. ह्या पक्ष्याचें नांव तांबडा सिस्किन. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यास व्हेनेझुएला नांवाचा देश आहे. तेंच ह्याचें मुख्य वसतिस्थान. तेथील लोक त्यास कौतुकानें 'कार्देनालितो', म्हणजे 'छोटा कार्डिनल', असें म्हणतात.

चोंचीच्या अग्रापासून शेपटीच्या टोकापर्यंत ह्याची लांबी सुमारें १० सेंटिमीटर भरते. नराचें डोकें काळें कुळकुळीत, पंख व शेपूट बहुतेक काळीं, आणि बाकीचें अंग शेंदरासारखें लालभडक असतें. मादी करड्या रंगाची असून तिच्या अंगावर कोठें कोठें तांबूस छटा दिसते. लहान लहान थवे करून रानाच्या कडेनें हिंडावें आणि आखूड, टोंकदार चोंचीनें बिया टिपाव्या, हा ह्यांचा नित्यक्रम.

आतां रंगाचें कोडें पाहूं. हा तांबडा रंग पक्ष्याचें शरीर मुळापासून निर्माण करूं शकत नाहीं. बियांत व फळांत जीं पिंवळीं द्रव्यें असतात, तीं अन्नावाटे त्याच्या पोटांत जातात. सिस्किनच्या शरीरांत एक विशेष विकर असतें. तें ह्या पिंवळ्या द्रव्याचें तांबड्यांत रूपांतर करतें, आणि तोच रंग पिसांत उतरतो.

हें सौंदर्यच त्याचा काळ ठरलें. १९२० नंतरच्या दशकांत जर्मनींतील ब्रेमेन शहरीं हान्स डुंकर नांवाच्या शाळामास्तरांनीं एक प्रयोग आरंभिला. पाळीव पिंवळा कॅनरी व तांबडा सिस्किन ह्यांचा संकर करून तांबडा कॅनरी उत्पन्न करावा, असा त्यांचा हेतु होता. संकरांतून निघालेल्या माद्या बहुधा वांझ असत. परंतु कांहीं नरांस प्रजा होई. अशा नरांचा पुनः पुनः कॅनरीशीं संकर करीत गेल्यानें तो गुण कॅनरीच्या कुळांत उतरला. पिसें खरोखर तांबडीं होण्यास योग्य अन्नही लागतें, हें मागाहून कळलें. त्या विकराचा वंशगुण सिस्किनकडूनच आला, हें शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं सिद्ध केलें.

प्रयोग नामी खरा. पण त्याची किंमत रानांतल्या पाखरांनीं दिली. संकरासाठीं सिस्किनला भारी मोल येऊं लागलें, आणि पारध्यांनीं थवेच्या थवे जाळ्यांत धरून परदेशीं धाडले. व्हेनेझुएलानें १९४० नंतरच्या दशकांत ह्या पक्ष्यास कायद्याचें संरक्षण दिलें; पुढें आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक निर्बंध आले; तरी चोरटा धंदा थांबला नाहीं. तशांत रानेंही तुटलीं. ज्या पक्ष्याचें चित्र व्हेनेझुएलानें २००८ च्या १०० बोलिव्हारच्या नोटेवर छापलें, तोच पक्षी तेथें दुर्मिळ झाला! आज जगांतील संकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते.

आशेला जागा मात्र आहे. २००० सालीं गयाना देशाच्या दक्षिण भागांत, पूर्वीच्या ज्ञात प्रदेशापासून सुमारें १००० किलोमीटर दूर, सिस्किनची एक अज्ञात वस्ती सांपडली. तेथील रूपुनुनी प्रदेशाचे रहिवासीच आतां तिची राखण करीत आहेत. व्हेनेझुएलांतही मोठ्या झाडांच्या सावलींत कॉफी पिकवून पक्ष्यांस आसरा देण्याचे प्रयत्न झाले आहेत.

पालकांनीं व मुलांनीं ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ह्या पक्ष्याचा घात करणाऱ्यांत त्याचा द्वेष करणारा कोणी नव्हता. त्याच्या रंगावर भाळलेल्यांनींच तो केला. आवडलेली वस्तु आपल्या घरीं असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु ती आहे तेथेंच सुखानें राहूं द्यावी, ह्यास अधिक प्रेम लागतें, असें आम्हांस वाटतें.